निवडीची पहिली पाळी

२० एप्रिल १९९६, शनिवार. सकाळी दहा वाजता आमच्या प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात निवडीला सुरुवात झाली. टेबले भिंतीकडे सारली होती. सहा इमारतींच्या सहा संघांचे व्यवस्थापक अर्धवर्तुळात बसले होते आणि त्यांच्या पाठीशी त्यांचे खेळाडू उभे होते. पाच व्यवस्थापक अर्ध्या चड्डीत आले होते. सहावे सुटाबुटात होते. टाय निळा होता. त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

त्यांचे नाव येथे देत नाही. स्वतःविषयी कोणी चार ओळी लिहाव्यात, ही कल्पना त्यांना मुळीच रुचली नसती. आम्ही त्यांना कोच म्हणत असू. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणताही खेळ खेळल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

ते मूळचे नागपूरकडचे. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करण्यासाठी इकडे आले आणि न्यू जर्सीत स्थिरावले. वेस्ट विंडसरला त्यांचे घर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होते. प्रयोगशाळेत आमची खोली एक होती आणि जाण्यायेण्याची गाडीही बहुधा एक. इतका सहवास घडूनही आमची मते फारशी जुळली नाहीत. त्याची खंत त्यांना नव्हती आणि मलाही नाही.

रविवारी ते दूरदर्शनवर फुटबॉलचा सामना पाहत. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात चेंडू लांबट असतो आणि पायापेक्षा हाताचेच काम अधिक. पाहताना कोट-टाय घालून, स्वयंपाकघरातल्या सरळ पाठीच्या खुर्चीवर बसत आणि आवाज पूर्ण बंद ठेवत. मी एकदा कारण विचारले.

“निवेदक सांगतो की कोण मोठा आहे,” ते म्हणाले. “मला ते माझं मी बघायचं असतं.”

कोटाचे कारण मी विचारले नाही. पुढे एकदा आपण होऊन म्हणाले, “ते लोक एवढा मार खातात. आपण निदान नीट बसावं.”

त्यांचा आवडता संघ दरवर्षी बदलत असे. आदल्या वर्षी जो तळाला राहिला, तो त्यांचा. तो संघ वर चढू लागला की ते शांतपणे त्याला सोडून देत. आमच्या ओळखीतल्या तरुण मुलांना हे अजिबात समजत नसे. “काका, हे असं चालत नाही हो. टीम एकदा पकडली की पकडली,” असे ती म्हणत. “मी पकडत नाही, मी सोबत करतो,” असे यांचे उत्तर असे.

या खेळातला एक नियम त्यांना विशेष प्रिय होता. दरवर्षी नवे खेळाडू संघांत वाटले जातात तेव्हा पहिल्याने निवडण्याची पाळी सर्वांत हरलेल्या संघाची असते. विजेत्याने सर्वांत शेवटी निवडायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे. “पाहा,” ते म्हणत, “ज्यानं सगळ्यात जास्त मार खाल्ला त्यानं आधी निवडायचं. या देशात स्पर्धेशिवाय दुसरा देव नाही, आणि त्यांनीच हा नियम केला. कोणी ओरडत नाही की गुणवत्तेचं काय. आपल्याकडे हेच बोललं की लोकांच्या पोटात दुखतं.” माझ्याकडे पाहून बोलत. मी गाडी चालवत असल्यास रस्त्याकडे पाहत असे.

हा नियम त्यांनी आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात लागू करण्याचा प्रयत्न केला. शाळेच्या सभागृहात जेवणाची रांग लागली होती. त्यांनी उभे राहून मांडले की गेल्या वर्षी ज्यांना भजी मिळाली नाहीत त्यांना, म्हणजे रांगेच्या शेपटाला, या वर्षी पहिल्याने वाढावे. वाढायला माझी पत्नी होती.

“अहो भाऊजी,” ती झारा हातात धरून म्हणाली, “मग पुढच्या वर्षी सगळेच मागे उभे राहतील. पुढे कोणी येणारच नाही, आणि माझी भजी गार होतील.”

सभागृह हसले. ते हसले नाहीत. खाली बसले आणि विचार करू लागले. आठवड्याभराने गाडीत एकाएकी म्हणाले, “वहिनींचा प्रश्न बरोबर होता. मुद्दाम मागे उभा राहणारा आणि मागे ठेवलेला, यांत फरक आहे. पण रांगेकडे नुसतं पाहून तो कळत नाही. माणसाला विचारावं लागतं.” वादात हरणे त्यांना चालत असे. वाद विसरणे चालत नसे.

आमच्या प्रयोगशाळेत इमारतीगणिक एक संघ होता. उन्हाळ्यात काम सुटल्यावर मागच्या मैदानात सामने होत. पाडापाडीला बंदी होती. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या अंगाला प्रतिपक्षाचा हात लागला की खेळ थांबे. वर्षभरात नोकरीला लागलेली नवी माणसे एप्रिलमध्ये संघांत वाटली जात, आणि ती वाटताना व्यावसायिक संघांचाच नियम पाळला जाई. आमची इमारत चौथी. तिच्यात रसायनवाले आणि संगणकवाले. चौथ्या इमारतीने दोन उन्हाळे एकही सामना जिंकला नव्हता. आधीचा व्यवस्थापक कंटाळून गेला तेव्हा ती जागा कोचनी आपण होऊन मागून घेतली. संघाचे शर्ट ते घरी नेऊन स्वतः धूत. खेळाविषयी खेळाडूंना फारसे सांगत नसत. सामना हरल्यावर प्रत्येकाशी हस्तांदोलन करून “पुन्हा भेटू” एवढेच म्हणत.

संघात एकच खरा खेळाडू होता, सुहास. पुण्याचा मुलगा, व्हिसावर आलेला, संगणकाच्या कामावर. कॉलेजात क्रिकेट खेळताना सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणारा. तीच फेक त्याने या लांबट चेंडूवर बसवली होती. चेंडू त्याच्या हातातून सुटला की स्वतःभोवती गिरकी घेत दूरवर सरळ जाई, आणि तेथे आमचा कोणीतरी शास्त्रज्ञ तो छातीवर आपटून खाली पाडी. लांब धावत जाऊन असा चेंडू झेलणाऱ्या गड्याला रिसीव्हर म्हणतात. आमच्याकडे तो नव्हता.

सुहासची व्हिसाची सहा वर्षे येत्या सप्टेंबरात संपत होती. कायम राहण्याचा अर्ज त्याच्या कंपनीने वेळेवर केला नाही. त्याला परत जावे लागणार हे मार्चमध्ये पक्के झाले. तक्रार त्याने फारशी केली नाही. एकदा मात्र जेवणाच्या सुट्टीत कोचच्या समोर खुर्ची ओढून बसला.

“काका, एक बोलू? हा माझा लास्ट सीझन आहे.”

“माहीत आहे.”

“सहा वर्षं इथे आहे. कोड लिहिला, भाडं भरलं, लॉन्ड्री केली. एकच गोष्ट मला खरंच जमते यार, आणि ती रोज जमिनीवर पडते. लोकांना वाटतं मीच वाईट फेकतो.”

“मला वाटत नाही.”

“तुम्हाला नाही वाटत, पण स्कोअरला वाटतं ना!” मग आवाज उतरवून म्हणाला, “एक मॅच, काका. एकच नीट खेळून जाऊ द्या.”

तोडगा प्रत्येकाला दिसत होता. विजेता संघ पहिल्या इमारतीचा. त्यांचा व्यवस्थापक रॉय, खरेदी विभागाचा प्रमुख, धिप्पाड आणि मोकळा माणूस. त्याच्याकडे दोन उत्तम रिसीव्हर होते. त्या वर्षीच्या नव्या भरतीत विद्यापीठाच्या संघातून खेळून आलेला, झेलण्यात कच्चा पण बचावात पक्का, एक उंचापुरा तरुण होता आणि रॉयला तो हवा होता. पहिली पाळी आमची असल्याने तो रॉयच्या हाती लागणार नव्हता. रॉयने निरोप पाठवला की या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची पहिली पाळी मला द्या, माझे दोन्ही रिसीव्हर घेऊन जा.

चौथी इमारत आनंदली. कोचनी उत्तर निवडीच्या दिवसावर टाकले.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरी परतत होतो. मी म्हणालो, “सौदा करावा असं माझं मत आहे. पाळी म्हणजे नुसती आशा. रिसीव्हर म्हणजे हात.”

“पाळी विकायची नसते.”

“का?”

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. मग ते खिडकीबाहेर पाहत बोलले. “आम्ही दोघे भाऊ. दोघांना पुढे शिकवणं घरी शक्य नव्हतं. मोठा तो, हुशारही तोच. शिकायची पाळी त्याची होती. त्यानं ती मला दिली आणि तो विड्या वळायला बसला. तिथेच म्हातारा झाला. मी इथं आलो. ती पाळी माझी कधीच नव्हती. मागून येणाऱ्याची होती, म्हणून माझ्यापर्यंत आली. आता चौथ्या इमारतीत पुढच्या वर्षी कोण येईल ते मला माहीत नाही. त्याची पाळी मी कशी विकू?”

मी म्हणालो, “मागून येणाऱ्याचं ठीक आहे. जो चालला आहे, त्याचं काय?”

 घर आल्यावर ते उतरले आणि नेहमीचे ‘भेटू’ न म्हणता आत गेले. त्या प्रश्नाने त्यांना झोप लागू दिली की नाही, मला माहीत नाही. सकाळी मी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा ते कोट घालून पायरीवर उभे होते. निळा टाय आदल्या रविवारी बाबासाहेबांच्या जयंतीला घातला होता, तोच. 

रॉयने सर्वांसमोर सौदा पुन्हा मांडला. आमच्या बाजूने आरोळ्या उठल्या. “काका, घ्या ना!” “डन म्हणा, काका, डन!” सुहास मागे भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडत नव्हता.

कोच उठले आणि कोटाचे बटण लावले.

“पहिली पाळी देणार नाही. या वर्षीची नाही, पुढचीही नाही.”

मागून कोणीतरी मोठ्याने उसासा टाकला. एकाने हातातली टोपी जमिनीवर आपटली. कोच तसेच उभे राहिले.

“त्याऐवजी,” ते म्हणाले, “मी माझा फेकणारा तुम्हाला देतो.”

 रॉयने आधी सुहासकडे पाहिले, मग कोचकडे.

“त्याचा खांदा दुखावला आहे का?” त्याने विचारले.

“खांदा उत्तम आहे.”

“मग बदल्यात काय हवं?”

“काही नको.”

रॉय हसू लागला आणि मध्येच थांबला. पहिल्या इमारतीचा चेंडू तोवर तो स्वतःच फेकत असे. खांदा त्याचाच दुखत होता, आणि ते मैदानावर सर्वांना दिसत होते. त्याने आपल्या दोन रिसीव्हरांकडे वळून पाहिले. ते दोघेही खिडकीबाहेर पाहू लागले. त्यावरून त्याला काय समजायचे ते समजले असावे.

“आता मी बाकावर बसावं असं तुमचं म्हणणं आहे,” तो सावकाश म्हणाला.

“तुमच्याकडे हात आहेत,” कोच म्हणाले. “त्याला हात पाहिजेत. हात त्याच्याकडे आणता येत नाहीत, म्हणून त्याला हातांकडे पाठवतो. तुम्ही बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

लीगचा नियम असा होता की बदल्यात काही घेतल्याखेरीज खेळाडू देता येत नाही. सूत्रसंचालकाने तो वाचून दाखवला. कोचनी क्षणभर विचार केला आणि रॉयच्या पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या मोठ्या थर्मासकडे बोट दाखवले. “तो द्या. आमच्याकडे पाणी लवकर कोमट होतं.” असा हा व्यवहार झाला. रॉयने थर्मास स्वतः उचलून आणून दिला आणि हस्तांदोलन केले. मोठ्या मनाचा माणूस होता.

त्यानंतर कोचनी आपली पहिली पाळी वापरली. विद्यापीठातून खेळून आलेला तो उंचापुरा तरुण त्यांना सहज मिळत होता. निवडही त्याचीच केली. तो जूनमध्ये दुसऱ्या नोकरीवर निघून गेला.

सुहास वाहनतळावर भेटला.

“काका, मला काढलंत?”

“काढलं नाही. पाठवलं.”

“न विचारता?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला! मी या टीमसाठी खेळत होतो, काका. आपली माणसं म्हणून. जिंकायचं होतं ते यांच्याबरोबर. तिकडे मी कोणाला ओळखतो?” त्याने गाडीचे दार उघडले. “सामान आहे का मी? थर्माससाठी दिलंत मला. थर्माससाठी!”

कोच म्हणाले, “तुला दोन्ही देता आलं असतं तर दिलं असतं.”

सुहास गाडीत बसला आणि निघून गेला.

परतताना मी स्पष्ट बोललो. मुलाला विचारायला हवे होते. माणसाला विचारावे लागते हे तुमचेच वाक्य, आणि ऐन वेळी तुम्ही ते पाळले नाही. भावाने तुम्हाला पाळी दिली तेव्हा तुमच्याशी बोलून दिली असेल. तुम्ही बोलला नाहीत.

“त्यानंही विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणूनच मला समजायला हवं होतं. ते चुकलं.”

 चूक इतक्या लवकर मान्य करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

उन्हाळ्यात जे झाले ते थोडक्यात सांगतो. रॉय दुसऱ्या सामन्यापासून बाकावर बसला. चौथी इमारत तो उन्हाळाही सरसकट हरली, आणि आमचे लोक काही काळ कोचशी कामापुरतेच बोलत. सुहास त्यांच्याशी बोलत नव्हता. जुलैमध्ये पहिली आणि चौथी इमारत समोरासमोर आल्या. कोच मैदानाच्या कडेला कोट घालून उभे होते, ऐन उकाड्यात. सुहासने फेकलेला चेंडू आमच्या माणसांच्या डोक्यांवरून जाई, आणि दूरवर धावणारा एक गडी मागे न पाहता हात वर करी आणि चेंडू त्या हातांत येऊन बसे. तो चेंडू कोठे जायचा आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आधीचे दोन उन्हाळे मी त्याचा अर्धाच प्रवास पाहत आलो होतो.

आम्ही सपाटून हरलो. कोचनी रीतीप्रमाणे दोन्ही संघांशी हस्तांदोलन केले. सुहासपाशी आले तेव्हा त्याने हात लगेच सोडला नाही.

“काका, आज एकही खाली पडला नाही.”

“पाहिलं.”

“तुमच्याविरुद्ध होतं पण.”

“ते राहू दे.”

सुहासने हात सोडला.  सप्टेंबरात तो गेला. कोचनी त्याला विमानतळावर पोचवले. वाटेत काय बोलणे झाले ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. सौदा करायला हवा होता असे माझे मत आजही आहे. पाळी जपून चौथ्या इमारतीला काही मिळाले नाही. पुढल्या वर्षी प्रयोगशाळेने ही लीगच बंद केली आणि जपलेली दुसरी पाळी कोणाच्याच कामी आली नाही. हे मी त्यांना बोलून दाखवले होते. “तरी ती आपली नव्हती,” एवढेच त्यांचे म्हणणे. आता ते नाहीत, आणि हा वाद मी एकट्याने पुढे चालवू शकत नाही.

निवडीच्या त्या शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, ते आमच्या घरी आले. काखेत एक करडा शर्ट होता. त्यांच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका होत्या आणि त्या दिवशी कामावर होत्या.

“वहिनी, सुईदोरा आहे का? आमच्या घरात कुठे ठेवतात ते मला सापडत नाही.”

सगळ्या संघांचे शर्ट एकाच रंगाचे असत. इमारत कळावी म्हणून पाठीवर कापडाचा मोठा आकडा शिवलेला असे. हा शर्ट सुहासचा होता. पाठीवर चार होता.

“द्या इकडे, मी करते,” पत्नी म्हणाली.

“नको. हे माझं काम आहे.”

आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसून त्यांनी ब्लेडने चाराचे टाके एकेक करून उसवले. कापडावर चाराच्या आकाराचा गडद डाग उरला, कारण बाकीचा शर्ट उन्हाने विटला होता. तो डाग काही जाण्यासारखा नव्हता. त्यांनी खिशातून पांढऱ्या कापडाचा एकचा आकडा काढला, बरोबर मध्ये ठेवला, टाचणी लावली आणि शिवायला घेतला. टाके मोठे आणि वाकडे पडत होते. पत्नीने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

शिवून झाल्यावर त्यांनी शर्ट दिव्यासमोर धरून पाहिला. मग इस्त्री मागितली, शर्ट उलटा करून टेबलावर पसरला आणि बाह्यांसकट नीट इस्त्री केली.